हाकेचा मठ

"मग मी इतकी वर्षं पाया कुणाच्या पडत होतो, बुवा?"

तुळाजीबुवा ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. अडकित्ता काही थांबला नाही.

"दगडाच्या," ते म्हणाले.

"दगडाच्या म्हणे! अहो, मैलाचा दगड आहे तो! रस्ता आखणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबानं रोवलेला!"

"व्हय का?"

"व्हय का काय? आकडा बघा की. वर इंग्रजी, खाली आपला. अठरा. बंदरापासून अठरा मैल."

बुवांनी मान तिरकी करून आकडा पाहिला. सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"बरोबर हाय की," ते म्हणाले. "तेवढंच पडतंय बंदर."

आता असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मिराशी मास्तरांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

भानगड काय झाली होती ते सांगतो.

घाटमाथ्यावर डोंगराची एक सोंड आहे. दोन्ही अंगांना दरी आणि मध्ये कौलारू मठ. सगळा मुलूख त्याला हाकेचा मठ म्हणतो. पूर्वी कधीतरी हाकेबाबा नावाचे सत्पुरुष शिष्याला घेऊन घाट चढत होते म्हणे. धुकं आलं, शिष्याचा हात सुटला. बाबा कड्यावर उभे राहून हाका मारत राहिले. शिष्य हाकेच्या मागानं वर आला, पण बाबा उभ्या जागी शिळा होऊन गेले. तीच ही मठापुढची शिळा, कमरेइतकी उंच, शेंदरानं माखलेली.

तेव्हापासूनची एक रीत आहे. दिवेलागणीला मठाच्या बुवांनी काठी घेऊन शिळेजवळ उभं राहायचं आणि दरीत हाक द्यायची. "हाकेबाबा बोलावतायत... भाकर हाऽऽय... या होऽऽ!" मग कान देऊन थांबायचं. खालून ओ आली नाही, की मगच मठात पहिला घास. कुणी दरीत अडकलंय आणि इकडे आपण जेवतोय, असं होता कामा नये. ऊन असो, धुकं असो, हाक चुकायची नाही.

आणि त्या दिवशी सकाळी पारूमावशी शिळेला तेल लावायला गेल्या. पारूमावशी म्हणजे मठाच्या चुलीच्या मालकीणच. पावसाळाभर ओल धरलेलं शेंदराचं जाड कवच त्यांच्या हाताखाली हललं आणि भसकन गळून पडलं.

मावशींनी आधी हात जोडले. मग आतला काळा दगड दिसला, तशी त्या ओरडल्या, "मास्तर, या की जरा! बाबांच्या पोटावर काय तरी लिवलंय!"

मास्तर गेले, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

श्रीपती मिराशी एके काळी कॉलेजात इतिहास शिकवायचे. जुन्या घाटवाटा धुंडाळायचा त्यांना नाद. याच रस्त्याचे सोळावा आणि सतरावा असे दोन दगड त्यांनी खाली झाडीत स्वतः पाहिलेले होते. तोच पाषाण, तोच गोल माथा, आकड्यांचं तेच वळण. शंकेला जागाच नव्हती. दगड फार तर दीडशे वर्षांचा. आणि बाबा चारशे वर्षांपूर्वीचे.

बरं, हे चारशे ठरवले होते कुणी? मास्तरांनीच! कुणी भाविक भोळेपणानं "पाचशे वर्षांमागं बाबा..." म्हणाला, की मास्तर त्याला तिथेच धरायचे. "पाचशे नाही, चारशे. पुरावा आहे." पुरावा म्हणजे काय, तर घाटाचं जुनं नाव, दोन ओव्या आणि मास्तरांचा तर्क. पण ते असं ठासून सांगायचे की समोरच्याची मान आपोआप हलायची. आता त्या सगळ्या माना त्यांच्या डोळ्यांपुढे हलायला लागल्या.

"बुवा, तुम्हाला हे माहीत होतं?"

"न्हाई बा."

"मग धक्का बसला नाही?"

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला. उठून शिळेजवळ गेले. उघड्या पडलेल्या माथ्यावर हात ठेवला.

"बसला की. कळायला लागल्यापासनं ह्याच्याशी बोलतोय मी. आई गेली तवा ह्यालाच सांगितलं पहिल्यांदा." त्यांनी माथ्यावरून अंगठा फिरवला. "वाईट वाटतंय, मास्तर. लई वाईट वाटतंय."

बुवा शिळेची बाजू घेतील, श्रद्धेवर प्रवचन देतील, आपण एकेक मुद्दा खोडून काढू, अशी सगळी तयारी करून मास्तर आले होते; ती वाया गेली.

"मग... लोकांना सांगायचं?"

"खोटं हाय म्हंतोस नव्हं?"

"शंभर टक्के."

"मग सांगायला पायजे."

"लोक यायचे बंद होतील."

"हुतील."

"मठ ओस पडेल, बुवा!"

"पारूच्या जिवाला तेवढाच आराम," बुवा म्हणाले. चुलीपुढून मावशींचा आवाज आला, "माझ्या आरामाची काळजी आजच बरी सुचली!"

मास्तरांना हसू आलं नाही. कारण त्यांचं दुखणं वेगळंच होतं.

काही वर्षांपूर्वी जुना रस्ता शोधत ते एकटेच या घाटात शिरले होते. धुक्यात पाय घसरला, घोटा मुरगळला. पुढे कडा की वाट हे कळेना. अंधार पडत आला. आणि वरून हाक आली होती. "हाकेबाबा बोलावतायत..." तिच्या मागानं मास्तर चक्क चार पायांवर रांगत वर आले. पारूमावशींनी भाकरी वाढली, बुवांनी मांडीवर पाय घेऊन घोट्याला तेल चोळलं. सुट्टी संपली, पण मास्तर काही परत गेले नाहीत.

तेव्हापासून रोज सकाळी शिळेपुढे डोकं टेकून ते एकच वाक्य म्हणायचे. "तुम्ही हाक मारलीत म्हणून मी आहे."

रोज. एक दिवस खाडा नाही. नाकावर माशी बसू न देणारा हा माणूस आयुष्यात कुणापुढे वाकला असेल तर त्या दगडापुढे.

"बुवा, माझा जीव वाचला. त्याचे आभार मी इतके दिवस मैलाच्या दगडाचे मानत होतो! मग आता मानू कुणाचे?"

बुवा शिळेजवळ गळून पडलेले शेंदराचे तुकडे गोळा करायला लागले.

"आणि परवा पौर्णिमा आहे."

तेही खरंच होतं. पौर्णिमेला बुवा काठी मास्तरांच्या हाती देणार होते. ज्याच्या हाती काठी, त्यानं हाक द्यायची. बुवांचा घसा पार गेलेला. डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं, आता ओरडाल तर आहे तेवढा आवाजही जाईल. आणि हाक द्यायला मास्तरांशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

"मला नाही जमायचं," मास्तर म्हणाले. "रोज दरीकडे तोंड करून धडधडीत खोटं ओरडायचं? 'हाकेबाबा बोलावतायत'? कोण बोलावतंय? अठरावा मैल?"

"मग नगं देऊस."

"मी जातो, बुवा."

"बरं."

थांब म्हणाले नाहीत, रागावले नाहीत. त्याचाच मास्तरांना जास्त राग आला. त्यांनी पिशवी भरली. डोक्यात राख घालून माणूस निघाला की त्याला चप्पल सापडत नाही, तशी त्यांनाही सापडेना. ती पारूमावशींनी आणून पायाशी ठेवली. वर फडक्यात बांधलेली भाकरी पिशवीत कोंबली.

"उनाचं जा," त्या म्हणाल्या. "धुकं धरायला लागलंय."

मठातून एसटीच्या फाट्याला जाणारी नेहमीची पायवाट मागच्या बाजूनं वळसा घालून जाते. मास्तर त्या वाटेनं गेले नाहीत. जाता जाता शिळेपुढे थबकले. सवयीनं हात जोडले जाणार होते, ते त्यांनी खिशात घातले आणि दगड नीट न्याहाळला.

मैलाच्या दगडाचा आकडा रस्त्याकडे तोंड करून असतो. हे साधं शास्त्र. या दगडाचा आकडा होता पूर्वेकडे. म्हणजे साहेबाचा जुना गाडीरस्ता शिळेच्या पूर्वेनं गेला असणार. तिकडे झाडीत एक सपाट पट्टा दिसतही होता. मास्तरांचे डोळे चमकले. देव गेला तर गेला, निदान रस्ता तरी सापडला! त्याच रस्त्यानं सरळ फाट्यावर निघू, असं म्हणत ते झाडीत शिरले.

थोडं अंतर पट्टा बरा लागला. मग करवंदीच्या जाळ्या. मग उतार. आणि मग खालून धुकं असं वर आलं की हातातली पिशवी दिसेना.

मास्तर थांबले. पायानं पुढची जमीन चाचपली. एक दगड सुटला आणि खाली गेला. तो कुठे आपटल्याचा आवाज येतो का, म्हणून मास्तरांनी बराच वेळ कान दिला, आला नाही.

ते मटकन खाली बसले.

बसल्या बसल्या त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. अरे गाढवा! देव पूर्वेला तोंड करून बसवतात! दगडाचा ज्यांनी बाबा केला, त्यांनी तो उपटून, फिरवून, पूर्वाभिमुख करूनच बसवला असणार. आकड्याचं तोंड रस्त्याकडे नव्हतंच, ते उगवतीकडे होतं. इतिहासाच्या मास्तरांनी देवाला मैलाचा दगड म्हणून वाचलं होतं आणि थेट कड्यावर येऊन बसले होते.

"शाबास, मिराशी," ते स्वतःशीच म्हणाले. "आता पुरावा दे."

दिवस कलला. पांढरं धुकं करडं झालं. मागे सरकायचं म्हटलं तरी मागे काय आहे ते कळेना. पूर्वी अशाच वेळी वरून हाक आली होती. आज कुठून येणार? बुवांना ओरडायला मनाई. आणि ज्यानं ओरडायचं तो इथे बसलाय, तोंड बंद करून.

हाक खरी की खोटी, याचा विचार करायला हीच जागा मिळाली होती त्यांना. थंडीनं दात वाजत होते.

...

"हाके..."

मास्तरांनी कान टवकारले.

आवाज बुवांचाच होता. फाटका, पण बुवांचाच. आणि तो मध्येच थांबला.

ऐन पहिल्या शब्दावर थांबला. एवढ्या वर्षांत हाक अशी कधी तुटली नव्हती. म्हाताऱ्याला काही झालं की काय?

मग पुन्हा आवाज आला.

"भाकर हाऽऽय!... वाट हिकडं हाऽऽय!... याऽऽ होऽऽ!"

एवढंच. बाबा नाहीत, बोलावणं नाही. हयातभर तोंडात बसलेलं ते नाव म्हाताऱ्यानं ओठांवर आलेलं परत गिळलं होतं. मास्तरांच्या एका शब्दाखातर गिळलं होतं. मास्तर तिथेच, कड्याच्या तोंडाशी, लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले.

"आलोऽऽ!" ते ओरडले. "बुवा, मी आलोऽऽ!"

वर क्षणभर सगळं शांत झालं. मग हाक परत सुरू झाली आणि थांबलीच नाही. मास्तर आवाजाकडे तोंड करून सरकत निघाले. करवंदीनं हात फाडले, धोतर फाडलं. हाक डावीकडे वाटली की डावीकडे. मध्येच आवाज चिरकला, नुसती हवा उरली, तशी कुणीतरी परात बडवायला सुरुवात केली. ती पारूमावशीच असणार. मठातली मोठी पितळी परात आणि त्यांचा उलथन्याचा हात! मास्तर रडता रडता हसले.

आभार मानायला समोर नाव लागतं, असं सकाळपर्यंत त्यांना वाटत होतं. आता हातापायांवर चढताना त्यांचं मन एकामागून एक आभार मानत सुटलं होतं. त्या गेलेल्या घशाचे. त्या परातीचे. बुवांना ज्यानं हाक द्यायला शिकवलं त्याचे, आणि त्याला ज्यानं शिकवलं त्याचे. कधीतरी, कुणीतरी, जेवायला बसताना पहिल्यांदा उठून दरीशी गेलं असेल... त्याचे तर फारच. त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं आणि ते विचारायचंही राहून गेलं.

समोर अचानक काळा दगड आला. मास्तरांनी त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. हाताला ओलं कुंकू लागलं. पारूमावशींनी उघड्या दगडाला हळदकुंकू वाहिलं होतं, पण बेतानं. अठराचा आकडा तेवढा मोकळा ठेवला होता.

"हे काय, मावशी?" धापा टाकत मास्तर म्हणाले. "मैलाच्या दगडाला कुंकू?"

"घाटात एवढी वर्सं उभा हाय बिचारा," मावशी म्हणाल्या. "तुमचं काय जातंय?"

काही जात नव्हतं. मास्तर चुलीपुढे बसले. फडक्यातली भाकरी बाहेर काढली, तर तिचा पार चुरा झालेला. मावशींनी ती हातातून काढून घेतली आणि तव्यावरची गरम वाढली. तिघांच्या ताटांत वाढून झालं होतं, पण अजून कुणी घास घेतला नव्हता.

बुवांचा आवाज पुरता गेला होता. ओठ हलत होते, पण कान जवळ नेल्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

मास्तरांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"आधी जेव," बुवा कुजबुजले.

जेवणं झाली. निखारे विझत आले.

"बुवा, तुम्ही बाबांचं नाव गाळलंत."

"खोटं हाय म्हनलास नव्हं?"

"म्हणालो खरा. पण..."

"जड गेलं," बुवा म्हणाले. "लई जड गेलं."

...

"तुम्ही माझ्यासाठी गाळलंत. उद्या घाटात दुसरा कुणी असेल. बाबांच्या नावावर विश्वास ठेवून चालणारा असेल. मग आता हाक द्यायची तरी कुणाच्या नावानं?"

बुवांनी निखाऱ्यांवर राख ओढली.

मग त्यांनी भिंतीला टेकवलेली काठी ओढून घेतली. पौर्णिमेला अजून अवकाश होता. तरी ती त्यांनी मास्तरांच्या मांडीवर आडवी ठेवली आणि त्यांचा कान धरून आपल्या तोंडाशी आणला.

"जेवढं खरं हाय तेवढंच म्हण," ते म्हणाले. "पर मोठ्यानं म्हण."